डाव्या बाह्या

माणसाला कशाचा हेवा वाटावा याला काही नियम नाही. कुणाला दुसऱ्याच्या दागिन्यांचा वाटतो, कुणाला दुसऱ्याच्या सुनेचा. त्या घरातल्या थोरल्या सुनेला वाटला तो प्लास्टरचा. धाकट्या जावेच्या पायाला गुडघ्यापासून बोटांपर्यंत घातलेल्या, बोटाने ठोकलं तर टकटक वाजणाऱ्या पांढऱ्या प्लास्टरचा.

हे ती कुणापाशी बोलली नाही. बोलणार तरी कुणापाशी? पाय मोडलेल्या बाईवर जळणारी बाई म्हणजे डोक्यानेच गेलेली, असं कुणीही म्हटलं असतं. पण तिच्याही बाजूने जरा बघायला हवं.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन मशिनं, एक लांबलचक टेबल आणि तीन बायका. सासूबाईंनी तो एकटीने उभा केला, पुढे दोन सुना आल्या आणि कामाची वाटणी झाली. दवाखान्यांचे, प्रयोगशाळांचे, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतले पांढरे कोट त्या शिवत. थोरली कापायची, धाकटी शिवायची, सासूबाई काजं-बटणं करायच्या आणि दोघींवर नजर ठेवायच्या. यात कापणारीचा मान मोठा. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं कापड कुणाच्या बापाला जोडता येत नाही. थोरलीची कात्री टेबलाच्या डोक्याशी एका खिळ्याला टांगलेली असे आणि घरातल्या कुणी त्या कात्रीने कधी कागदसुद्धा कापला नव्हता.

दहा महिन्यांपूर्वी विषाणूचा ताप घरात शिरला आणि त्याने सगळ्यांना रांगेने धरलं. सासूबाई सहा दिवसांत उठल्या, धाकटी आठ दिवसांत. घरातले दोघे पुरुष चार दिवसांत उठले आणि पुढे आठ दिवस कण्हत राहिले. थोरलीही दहाव्या दिवशी उठली. ताप गेला, पण जाताना आपलं सामान न्यायला विसरला.

एखाद्या दिवशी पाच पायऱ्या चढल्या की तिची छाती धडधडायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच जिना ती दोनदा चढायची. कधी डोक्यात असं धुकं भरायचं की गाळणीला गाळणी म्हणतात हे आठवायचं नाही, आणि ती नुसती हवेत हात फिरवत उभी राहायची. कधी सकाळी उठावं तर हातापायांतलं बळ कुणी रात्रीतून काढून नेल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट काय, तर मधूनच येणारे चांगले दिवस. त्या दिवशी ती पहिल्यासारखी असायची. मागचं तुंबलेलं काम उपसायची, हसायची, टेबलाभोवती भराभर फिरायची. मग तिसऱ्या दिवशी आडवी.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाचा आलेख काढला. सगळं नॉर्मल. डॉक्टर माणूस बरा होता. अशा तापानंतर काहींचं दुखणं रेंगाळतं, कमीजास्त होत राहतं, यात खोटं काही नाही, दमायच्या आधी थांबत जा, असं त्याने नीट समजावलं. किती दिवस, म्हणून विचारल्यावर मात्र त्याने खांदे उडवले. थोरली फाइल घेऊन घरी आली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातला एकच शब्द उचलला, नॉर्मल.

आजार येतो हत्तीच्या पावलांनी आणि जातो मुंगीच्या पावलांनी, हे सासूबाईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या हिशेबी मुंगी निघाली की एकाच दिशेने चालते. इथली मुंगी दाराशी जाऊन परत आत येत होती. काल कापडाचे चार तागे कापणारी बाई आज खुर्चीतून उठत नाही, हे त्यांना पटेना. त्या भांडखोर नव्हत्या. त्या फक्त म्हणायच्या, "काल तर बरी होतीस." एवढं एक वाक्य थोरलीने दहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की चांगला दिवस उजाडला की तिला आधी भीतीच वाटू लागली.

अशात धाकटी बटणांचा डबा काढताना स्टुलावरून पडली आणि तिचा घोटा मोडला.

तिच्या फोटोत हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. तो फोटो खिडकीशी धरून घरातल्या प्रत्येकाने बघितला. सासूबाईंनी तर चष्मा पुसून दोनदा बघितला. पायाखाली उशी आली, उशीखाली दुसरी उशी आली. धाकटीचा नवरा, ज्याने जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता, तो दोन कप करायला शिकला. कोट न्यायला आलेल्या एका नर्सने प्लास्टरवर निळ्या पेनाने फूल काढलं, मग तिच्या मैत्रिणीने दुसरं काढलं. येणारा जाणारा दोनच प्रश्न विचारायचा, कसं झालं आणि कधी निघणार. आणि धाकटी दोन्हीची उत्तरं द्यायची. स्टुलावरून पडले. सहा आठवड्यांनी, गुरुवारी.

गुरुवारी! थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथे. जिच्या दुखण्याला वार आहे ती बाई किती सुखी, असं तिच्या मनात येई. दहा महिन्यांत तिला एकानेही विचारलं नव्हतं, तुझं कधी निघणार. ती स्वयंपाकघरातून धाकटीचं ताट घेऊन यायची, वाकून तिच्या मांडीवर ठेवायची आणि वाकताना स्वतःला गरगरायचं, तेव्हा धाकटी मनापासून म्हणायची, "ताई, किती करता तुम्ही माझं." त्या मनापासून म्हणण्याचा थोरलीला फार राग यायचा. ती वाईट बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

एकदा सगळे बाहेर असताना धाकटीला डुलकी लागली होती. थोरलीने हळूच त्या प्लास्टरवर हात ठेवून बघितला. गार होतं, खरखरीत होतं, आणि चांगलं जड होतं. तिला वाटलं, आपल्याला असं एखादं असतं तर कुठे घातलं असतं, डोक्याला की छातीला.

त्याच आठवड्यात एका प्रयोगशाळेची चाळीस कोटांची मागणी आली. थोरलीचे तेव्हा चांगले दिवस चालले होते, आणि तिच्या मनात धाकटीवरची ती सगळी जळजळ साठलेली होती. आता दाखवतेच, असं तिने ठरवलं. दमायच्या आधी थांबायचं सोडून ती दमल्यावरही थांबेना. दोन दिवसांत तिने चाळीस कोटांच्या पाठी कापल्या, पुढचे भाग कापले, कॉलर कापल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बाह्या राहिल्या होत्या. धुकं येताना तिला कळलं होतं. कानामागून कुणी चादर ओढत आणल्यासारखं ते यायचं. पण सासूबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, आता हिला बरं वाटतंय हो. मग ती उसनं अवसान आणून उभी राहिली आणि बाह्या कापून मोकळी झाली.

आता बाहीची गंमत अशी की ती एकटी कापायची नसते. कापडाला सुलटी बाजू असते आणि उलटी. थर लावताना सुलट्यावर सुलटं टाकलं, म्हणजे कापलं की एक डावी निघते, एक उजवी. हे या धंद्यातलं पहिल्या दिवशीचं शिक्षण. थोरलीने सगळे थर सुलटी बाजू वर ठेवून अंथरले होते. ऐंशी बाह्या निघाल्या, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

धाकटीच्या ते लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, पाय खोक्यावर ठेवून बसल्या बसल्या पहिला कोट जोडताना. तिने दुसरी बाही उचलली, तिसरी उचलली, आणि गठ्ठा तिथेच ठेवला. पण सासूबाईंची नजर आधीच तिथे गेली होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ऐंशी बाह्या एकेक करून टेबलावर मांडल्या, जणू मधे एखादी तरी उजवी निघेल. मग म्हणाल्या, "ही पोर मोडका पाय घेऊन दिवसभर मशीन मारते. तुला धडधाकट बाईला काय धाड भरली होती?"

थोरली बाह्या गोळा करू लागली. त्या दिवशी तिचे गुडघे थरथरत होते, डोळ्यांपुढे टेबल वरखाली होत होतं, आणि ती धडधाकट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीतून बाहेर आली ती उजव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधून. धाकटीच्या पायासाठी आणलेलं होतं, प्लास्टर घातल्यावर कपाटात नुसतंच पडलेलं. हात मुरगळला, ती म्हणाली. बादली उचलताना.

एवढंच. दहा महिने तिने जे परोपरीने सांगून बघितलं, ते तीन मीटर पट्टीने एका मिनिटात झालं. सासूबाईंनी हातातलं काम टाकलं. खुर्ची आली, हाताखाली उशी आली. बसचा ड्रायव्हर असलेला तिचा नवरा ड्यूटीवर निघता निघता परत फिरला आणि त्याने भांडी घासली, वाईट घासली, पण घासली. कोटांचं विचारायला आलेल्या प्रयोगशाळेतल्या माणसाला सासूबाईंनीच सांगितलं, आमच्या थोरलीचा हात दुखावलाय, आठवडाभर थांबावं लागेल. आणि तो म्हणाला, हात आहे म्हटल्यावर थांबायलाच पाहिजे. दुपारी सासूबाई मलम घेऊन बसल्या. बँडेज सोडून त्यांनी मलम त्या चांगल्या, निरोगी मनगटाला हलक्या हाताने चोळलं, पुन्हा बांधलं आणि मग म्हणाल्या, वेणी कशी घालणार तू, वळ इकडे. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. थोरली भिंतीकडे तोंड करून रडली. सासूबाईंना वाटलं, मनगट ठणकतंय.

तीन दिवस ती नुसती पडून राहिली. अशी विश्रांती तिला दहा महिन्यांत मिळाली नव्हती. खोटं बोलल्याची टोचणी होती, नाही असं नाही. पण धाकटीच्या दोन उशांपैकी एक आता तिच्या हाताखाली होती, आणि तेवढ्याने जिवाला फार थंड वाटत होतं.

पण सोंग आणायचं तर ते रोज सारखं आणावं लागतं. तिचं खरं दुखणं रोज सारखं नव्हतं, आणि तिथेच घोटाळा झाला. चौथ्या दिवशी चांगला दिवस उजाडला.

तीन दिवसांच्या आरामाने असेल, ती उठली ती लख्ख. डोकं स्वच्छ, पायांत बळ, बोटं कामासाठी शिवशिवत होती. ती भरभर चालत पुढच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. तिच्या टेबलाशी उंच खुर्चीवर धाकटी बसली होती, मोडका पाय बाजूच्या खोक्यावर. समोर नवीन कापडाचे थर होते. आणि धाकटीच्या हातात कात्री होती. खिळा रिकामा होता.

सासूबाईंना आताशा खडूची रेघ नीट दिसत नसे, त्या बाजूला उभ्या राहून सांगत होत्या आणि धाकटी कापत होती. सुलट्यावर सुलटं, बरोबर. वळणावर कात्री न उचलता, बरोबर. बाहीचा खांद्याकडचा मुंढा तिने असा काही गोल काढला, की थोरलीच्या तोंडून शाबास निघता निघता राहिलं.

"हात बसलाय हिचा," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं."

थोरलीने बँडेजमधल्या हाताची मूठ वळली. ती मूठ अगदी छान वळत होती. आत्ता पुढे होऊन म्हणावं, बरा झाला माझा हात, आण ती कात्री इकडे. पण मग उद्याचं काय? उद्या पाय लटपटले तर पुन्हा तेच, काल तर बरी होतीस. स्वतःच्या हाताने बांधलेल्या पट्टीत ती स्वतःच अडकली होती. दिवसभर ती खुर्चीत बसून जावेला कापताना बघत राहिली. आधी तिला धाकटीच्या मोडक्या पायाचा हेवा वाटत होता, आता धडक्या हाताचा वाटू लागला. हा दुसरा फार वाईट होता. पहिल्याला निदान गुरुवार होता.

आणि त्या बघण्यानेच ती दमली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं आलं की मोरीची कडी लावायची की काढायची हे तिला उभं राहून ठरवावं लागलं. तोंड धुतलं, भिंतीला टेकून बँडेज बांधलं आणि ती पुढच्या खोलीत येऊन बसली. सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. धाकटी खडू घेऊन टेबलाशी होती. तिने मान वर करून थोरलीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "काल उजव्या हाताला होतं."

थोरलीने खाली बघितलं. पट्टी डाव्या मनगटाला होती. नीटनेटकी, पिन लावलेली. तिने दोन्ही हात समोर धरले आणि कुठला कुठला हे समजायला तिला थोडा वेळ लागला. मग सगळं समजलं. अंगणात सासूबाई चादर झटकत होत्या, तो आवाज येत होता.

धाकटीने हाताने बोलावलं. प्लास्टरमुळे तिला उठता येत नव्हतं, म्हणून थोरलीच उठून तिच्यापाशी जाऊन बसली. धाकटीने पिन काढली, पट्टी सोडली आणि डावं मनगट दाबून बघितलं. मग उजवं.

"हात दुखतच नाही ना?"

"नाही."

"मग काय दुखतं?"

हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. थोरलीला उत्तर द्यायला शब्द सापडेनात, आणि तेच तर दुखत होतं. ती तुटक तुटक बोलली. कानामागून येणारी चादर, छाती, गुडघे, गाळणी, ऐंशी डाव्या बाह्या. आणि बोलायचं नव्हतं तेही बोलून गेली, की मला तुझ्या प्लास्टरचा हेवा वाटतो, तू झोपली होतीस तेव्हा मी हात लावून बघितला.

धाकटी हसली नाही. ती प्लास्टरवरची निळी फुलं बघत होती. म्हणाली, "गुरुवारी हे निघालं की मला कोण विचारणार आहे? मला त्याचंच आलंय टेन्शन." मग मात्र दोघींनाही हसू आलं, आणि हसता हसता धाकटीने पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली, या वेळी उजव्या हाताला. "दाखवू नका. आणखी चार दिवस चालेल. मी काही बोलत नाही."

पट्टीचे दोन वेढे झाले आणि रिकामी बादली घेऊन सासूबाई दारात आल्या.

थोरलीच्या मनात आलं असतं तर ती गप्प बसली असती. चार दिवसांची उशी होती, वेणी होती. पण चार दिवसांनी काय मुरगळायचं? मान? घोटा? एकेक अवयव काढत गेलं तर किती वर्षं पुरणार? तिने उजवा हात धाकटीच्या हातातून काढून घेतला. पट्टी सुटून जमिनीवर लांब पसरली.

"आई, माझा हात मुरगळला नव्हता," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं. पण मी आज कापू शकत नाही. काल कापू शकले असते. उद्याचं माहीत नाही."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. त्या पट्टीकडे बघत होत्या, मग त्यांनी कोपऱ्यात ठेवलेल्या डाव्या बाह्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. त्या आता चिडणार याची दोघी वाट बघत होत्या, आणि चिडायचा त्यांना हक्कही होता.

"तीन दिवस मलम चोळलं मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. मग खाली बसून त्यांनी पट्टी गोळा केली, गुंडाळत गुंडाळत वरपर्यंत आणली आणि डब्यात टाकली. "खोटं कशाला बोलायचं?"

"खरं दहा महिने सांगत होते."

सासूबाईंना सगळं पटलं असं नाही. एका सकाळी इतकं पटत नसतं. त्या टेबलापाशी गेल्या, धाकटीच्या हाताशी पडलेली कात्री उचलली, पदराने पुसली आणि परत खिळ्याला टांगली.

"ही थोरलीची आहे," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी जमेल त्या दिवशी ती काढेल. न जमेल त्या दिवशी कापड थांबेल. त्या माणसाला मी सांगते." आणि त्या बादली घेऊन आत गेल्या.

थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटून घेतले. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं, विश्वास नाही तरी वेळ, आणि वर टेबलही राखलं गेलं होतं. डोळे उघडले तेव्हा तिला धाकटी दिसली. धाकटी खिळ्याकडे बघत होती. चेहरा नीट ठेवला होता, फक्त खडूची बोटं एकमेकांवर घासत होती. त्या नजरेत काय आहे हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. महिनाभर ती तेच घेऊन हिंडत होती.

तिने उठून कात्री काढली. जड होती, आज तर फारच. दोन्ही हातांनी धरून तिने ती धाकटीच्या पुढ्यात ठेवली.

"माझ्या चांगल्या दिवशी मी," ती म्हणाली, "बाकीच्या दिवशी तू. आणि बाही कापताना आधी एक थर उचलून बघ. माझी शपथ आहे."

मग ती कोपऱ्यातल्या ऐंशी डाव्या बाह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून भर दिवसा, सगळ्यांसमोर आडवी झाली. डोळे मिटलेले होते, पण कान टेबलाकडेच होते. कात्री कापडात शिरली, वळणावर आली, न थांबता वळली. थोरली एखादा काप वाकडा पडायची वाट बघत राहिली. एकही पडला नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटताच झोप लागली.